वाटलेला चीक परत मागताना

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या गोठ्यांतून मी बत्तीस वर्षं जनावरांवर उपचार केले. एवढ्या वर्षांत एकाही मालकानं मला "मॅडम, सुई नका देऊ" असं म्हटलेलं आठवत नाही. सुई टोचल्याशिवाय डॉक्टर येऊन गेली हे कुणाला पटतच नसे. गाय ठणठणीत असो, नुसती माजावर आल्यामुळे हंबरत असो, मालक दावं धरून तयारच: "आलाच हायसा तर एक टोचूनच जावा." मग मी लाल रंगाचं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायची. लाल औषधावर लोकांचा फार विश्वास. पिवळ्यावर थोडा कमी, आणि पाण्यासारखं दिसणारं दिलं तर थेट माझ्या पदवीबद्दलच शंका.

हे हसत हसत लिहितेय खरं, पण माझ्या सगळ्याच सुया अशा निरुपद्रवी नव्हत्या. लोकांचा आग्रह, पुढच्या तीन गोठ्यांची घाई, आणि "मॅडमनी कायच दिलं न्हाय" हा बोभाटा नको म्हणून मी गरज नसताना प्रतिजैविकंही टोचली आहेत. प्रतिजैविक म्हणजे जंतू मारणारं औषध. योग्य वेळी दिलं तर ते जीव वाचवतं, माझ्या हातून कितीतरी जनावरं त्यानं वाचली. पण पोटात राहणारे सगळेच जंतू मारायचे नसतात, हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले असूनही माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं लागली. शिरलं ते पळसदेवच्या एका म्हशीमुळे, आणि पक्कं झालं ते पणदऱ्याच्या एका वासरामुळे.

म्हशीचं आधी सांगते. उजनीच्या पाण्याकाठी मासेमारी करणाऱ्या घरातली ती एकुलती एक म्हैस. लग्नातला उरलेला भात तिला घमेलंभर घातला, आणि तिचा रवंथच थांबला. गाई-म्हशींचं असं असतं, की वैरण त्या स्वतः पचवत नाहीत. त्यांच्या मोठ्या पोटात अगणित जंतू राहतात, तेच वैरण आंबवून तिचं अन्न करतात. भातानं पोट आंबट झालं आणि ते जंतू मेले, की पुढ्यात हिरवागार घास टाकला तरी उपयोग नाही. औषधं देऊन दमल्यावर मी आमच्या दवाखान्यातल्या जुन्या ड्रेसरनं, म्हणजे मलमपट्टी करणाऱ्या मदतनिसानं, सांगितलेला उपाय केला. शेजारची धडधाकट म्हैस रवंथ करत बसली होती. तिच्या तोंडात हात घालून ती चघळत असलेला गोळाच काढून घेतला, कोमट पाण्यात कालवला आणि आजारी म्हशीला पाजला. असं दिवसभरात पाच-सहा वेळा. शेजारीण कमरेवर हात ठेवून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "बाई, तोंडचा घास काढून घ्येतलासा की वो तिच्या!" दुसऱ्या दिवशी सकाळी आजारी म्हैस जबडा हलवायला लागली. निघताना त्या घरानं मला पिशवीभर ताजे मासे दिले, आणि मी मासे खात नाही हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

आता वासराकडे येते. नुकत्याच जन्मलेल्या वासराचं आतडं म्हणजे फलाटावर नुकतीच लागलेली रिकामी एसटी. आईची जीभ, तिची कास, पायाखालची जमीन यांवरचे जंतू पहिल्या काही तासांतच आत चढतात आणि जागा धरतात. चांगल्या मंडळींनी जागा धरली, की वाईटांना उभं राहायलाही मिळत नाही. शिवाय ही मंडळी नुसती बसून राहत नाहीत. आतड्याचं अस्तर मजबूत ठेवतात, आणि अंगातल्या प्रतिकारशक्तीला आपलं कोण आणि परकं कोण हे शिकवतात. त्यामुळे एखादा विषाणू आला, तर वासरू त्याला कितपत तोंड देईल हे पुष्कळसं या जंतूंवर ठरतं. याच्या उलटही होतं म्हणे. काही विषाणू याच जंतूंच्या ओळखीनं आत घुसतात. म्हणजे पोटातली सगळीच मंडळी सरळ नाहीत. तरी ती असलेली बरी, एवढं मी गोठ्यात उभी राहून शिकले.

या मंडळींचं पहिलं जेवण म्हणजे चीक. गाय व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस येणारं ते दाट, पिवळसर दूध. गाईनं स्वतः सोसलेल्या रोगांविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे लढायची तयार हत्यारं, त्यात असतात. चांगल्या जंतूंना पोसणारी एक साखरही असते. जन्मल्यावर दोन-तीन तासांच्या आत तो वासराच्या पोटात जायला हवा, कारण ही हत्यारं रक्तात जाण्याचं दार दिवसभरात बंद होतं. नंतर पाजलेला चीक रक्तात पोचत नाही. मात्र आतड्यात थांबून तिथल्या तिथं काम करतो.

आणि आपल्याकडे या चिकाचं काय होतं? खरवस होतो. गाय व्याली की घरोघर चीक वाटायचा, हा आमच्या भागातला मोठा आनंदाचा रिवाज. चिकाचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, त्यात मूठभर गहू नाहीतर गुळाचा खडा टाकूनच ते माघारी येतं. चीक पाठवला नाही तर माणसं वर्षभर लक्षात ठेवतात. बोलणं बंद असलेल्या घरीसुद्धा चीक जातोच, आणि आलेला चीक कुणी नाकारत नाही, कारण ती लक्ष्मी.

या रिवाजाविरुद्ध मी पणदऱ्यात एका दूध संकलन केंद्रावर भाषण ठोकलं होतं. "पहिला हक्क वासराचा!" असं मी मूठ आवळून म्हणाले, जोरदार टाळ्या झाल्या. कार्यक्रमानंतर अल्पोपहाराचे द्रोण आले, त्यात खरवस होता. वेलदोडा घातलेला, गुळाचा, थरथरणारा. मी एका द्रोणावर थांबले नाही.

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत रेखा होती. पणदऱ्याच्या शिवारात तिचं घर, नवरा विकास साखर कारखान्यात कामाला, दावणीला तीन गाई. त्यांतली तांबू म्हणजे तिचा जीव की प्राण. पहिलं बाळंतपण उरकून निमगाव केतकीच्या माहेरहून ती सासरी निघाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, टेम्पोत तिच्याबरोबर एक तांबडी कालवड चढवली होती. "नातीला दुधाला कमी पडू नये," म्हणाले. ती ही तांबू. वडील पुढं चार वर्षांनी गेले. तांबूची चार वेतं झाली आणि चारही वेळा गोऱ्हा, म्हणजे नर; कालवड एकदाही नाही. चौथ्या वेळी तिचे असे हाल झाले, की मी रेखाला सांगून टाकलं, "आता फार तर एकदा. त्यानंतर हिला गाभण करायची नाही." रेखानं माझा हात धरला. "मग यावेळी कालवडच पायजे, मॅडम. न्हायतर आमच्या दादांची गाय संपली."

कालवडच व्हावी म्हणून कृत्रिम रेतनाची एक वेगळी मात्रा अलीकडे मिळते. ती मी मागवली, तांबूला दिली, आणि नऊ महिने रेखाइतकीच मीही दिवस मोजले. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. सोमवारी सकाळी फोन आला. रेखाला बोलताच येईना, नुसती हसत होती. शेवटी मागून तिच्या सासऱ्यांचा, आबांचा, आवाज आला: "कालवड! कालवड झाली म्हणावं!"

मंगळवारी विकासनं बारामतीत माझ्या घरी मोठी बाटली भरून चीक आणून दिला. आता तुम्हीच सांगा, इथं माझ्यातल्या डॉक्टरणीनं काय विचारायला हवं होतं? "वासराला पोटभर पाजलास का रे?" हेच ना? मी विचारलं, "गूळ किती घालू?" माझ्या यजमानांनी खरवस वाफवला, आम्ही दोघांनी तीन दिवस पुरवून पुरवून खाल्ला, आणि मी पहिल्याच संध्याकाळी रेखाला फोन करून असा खरवस जन्मात खाल्ला नाही म्हणून सांगितलं.

शनिवारी सकाळी विकासचा फोन. "मॅडम, वासरू उठंना."

गेले तर कालवड घराच्या पडवीत शहाबादी फरशीवर आडवी. डोळे खोल गेलेले, कान गार, शेपटी आणि मागचे पाय हगवणीनं भरलेले. पडवीत फिनेलचा असा भपकारा, की माझे डोळे चुरचुरले. विषाणूची हगवण होती. या वयाच्या वासरांत ती मी पुष्कळदा पाहिली आहे. बुधवारी संध्याकाळी सुरू झाली तेव्हा विकास घाबरला, आणि घाबरून त्यानं जे जे केलं ते सगळं प्रेमापोटी केलं. गोठ्यातला रोग लागू नये म्हणून वासराला आईपासून तोडून पडवीत आणलं. दिवसातून तीनदा फरशी फिनेलनं पुसली. कामावरून येताना मेडिकलमधून माणसांच्या हगवणीच्या, जंतू मारायच्या गोळ्या आणल्या आणि माणसाला देतात तशा तीन वेळा दिल्या.

"जंतू एक शिल्लक ठेवला न्हाय, मॅडम," तो म्हणाला.

हेच तर झालं होतं. विषाणूला त्या गोळ्या लागू पडत नाहीत, त्याला काहीच झालं नव्हतं. मेले होते ते वासराच्या बाजूचे. एसटी पुन्हा रिकामी झाली होती आणि विषाणू एकटा पाय पसरून बसला होता.

मी सलाइन लावलं, वासराला पोत्यानं घासून ऊब दिली, फरशीवरून उचलून पेंढ्यावर ठेवलं. मग रेखाला विचारलं, "चीक पाजला होतास ना?"

"पाजला की."

"किती?"

"दोन घोट. लई अशक्त व्हती, वढतच नव्हती. म्हटलं, जरा दमानं पाजू. तेवढ्यात शेजारच्या बाया आल्या बघायला, कालवड झाली म्हून... पेढं वाटावं तसा वाटला वो मी, मॅडम. दोन दिस वाटत व्हते. मला कायच सुचत नव्हतं."

"कुणाकुणाला दिला?"

ती बोटं मोजायला लागली. कोपऱ्यावरच्या मावशी, दळणवाल्या काकी, नणंद, अंगणवाडीच्या बाई. पाचवं बोट धरून ती थांबली आणि जमिनीकडे बघायला लागली. आबांना असली भीड नव्हती.

"आन् सगळ्यात मोठी बाटली तुमच्याकडं की. इकासनं पोच केली न्हवं?"

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की हातातला थर्मामीटर मी उगाच दोनदा झटकला. खरवसाचा शेवटचा तुकडा मी आदल्याच दिवशी खाल्ला होता, तोही उभ्या उभ्या, फ्रिजचं दार उघडं ठेवून.

उपाय डोक्यात होता. वासराच्या पोटात पुन्हा चांगले जंतू घालायचे, आणि त्यांना खायला चीक द्यायचा. पण पाच दिवसांनी तांबूला साधं दूध सुरू झालेलं. आसपास कुणाचीच गाय व्यायलेली नव्हती, हे गावच्या सगळ्या गाभण गाई मीच तपासल्या असल्यामुळे मला पाठ होतं. राहिला एकच मार्ग. वाटलेल्यातला कुठं कच्चा शिल्लक असेल तर परत आणायचा.

"दिल्याला चीक माघारी मागायचा?" आबा कपाळाला हात लावून म्हणाले. "आमच्या सात पिढ्यांत कुणी मागितला न्हाय."

"तुमी न्हाय, मी मागते," मी म्हणाले. माझीही भाषा अशा वेळी त्यांच्यासारखी होते. "तुमी नुसतं घर दाखवा."

मग आमची वरात निघाली. पुढं काठी टेकत आबा, मागं गमबूट घातलेली मी. कोपऱ्यावरच्या मावशींना वाटलं मी खरवस मागायलाच आलेय. त्यांनी धावत जाऊन बशीत दोन वड्या आणल्या आणि "शेवटच्याच हायत, पर तुमच्यापरीस जास्त का?" म्हणून हातात कोंबल्या. दळणवाल्या काकींनी जावयाला खाऊ घातला होता, वर भांडं गहू घालून कधीच परत केल्याची साक्ष काढली. अंगणवाडीच्या बाईंनी पोरांना वाटला होता. नणंदेला फोन केला, तर तिनं आनंदानं कृती सांगायला सुरुवात केली, गूळ बारीक चिरायचा म्हणे.

परत येताना आबा रस्त्यात थांबले. टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"आजून एक घर हाय," ते म्हणाले. "रेखानं बोटावर मोजलं न्हाय त्ये. मीच देऊन आलो व्हतो."

ते घर म्हणजे त्यांच्या धाकट्या मुलाचं. रेखाच्या गोठ्याला लागूनच, मध्ये फक्त छातीइतकी भिंत. धाकटी सून शोभा आणि रेखा दीड वर्ष एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण असं, की रेखाच्या गोठ्याचं सांडपाणी शोभाच्या अंगणात जायचं, का शोभानं नाली बुजवली म्हणून ते साचायचं, हे अजून ठरायचं होतं. आबा एक महिना इकडे, एक महिना तिकडे जेवत आणि दोन्हीकडचे निरोप पोचवत.

शोभा दुधाच्या किटल्या घासत होती. मी सगळं सांगितलं. ती किटली घासतच राहिली.

"चीक हाय," ती म्हणाली.

"शिजवला नाहीस?"

"त्यांचा चीक मी खाऊ व्हय?" तिनं किटली उपडी घातली. "पर टाकला बी न्हाय. लक्षुमी हाय ती. आबांनी आणला तसा फ्रिजरमंदी टाकला, मटारच्या पिशवीखाली."

तिच्या घराची, भांडणाची आणि फ्रिजरची तिथल्या तिथं दृष्ट काढावी असं मला वाटलं. गोठवलेला चीक चांगला टिकतो. सगळ्या गावानं प्रेमानं खाऊन संपवलेला चीक या एका रुसव्यानं जपून ठेवला होता.

मग थोरल्या जावेबद्दल तिनं मला रोखून विचारलं, "आक्कानं मागितला का?"

हो म्हणाले असते तर काम सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण गेले पाच दिवस मी पुरेसा खोटेपणा केला होता. "नाही," मी म्हणाले. "तिला माहीतही नाही. मी मागतेय. कारण सगळ्यात मोठी बाटली माझ्याकडे आली होती, आणि ती मी खाऊन बसलेय. भाषण करून वर."

शोभा आधी माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर लावला. मग तो पदरही पुरेना, ती किटलीवर बसून हसायला लागली. आबाही हसले. मीही हसले, काय करणार? डोळे पुसत ती आत गेली आणि बर्फ झालेली बाटली घेऊन आली.

"आणखी एक हवंय," मी म्हणाले. तिच्या दावणीला अडीच महिन्यांचं वासरू होतं, गुटगुटीत, जन्मापासून एकदाही आजारी न पडलेलं. त्याची तपासणी माझ्याच वहीत होती. "त्याचं ताजं शेण."

"शेण? न्या की, घमेलंभर न्या. पर कशाला?"

मी समजावून सांगितलं. निरोगी वासराच्या शेणात त्याच्या आतड्यातली चांगली मंडळी असतात. रिकाम्या झालेल्या पोटात तीच पुन्हा बसवायची.

शोभाचे डोळे बारीक झाले. "म्हंजी त्यांच्या वासरापरीस माज्या वासराचं पोट चांगलं हाय?"

"हो."

"भिंतीकडं तोंड करून जरा मोठ्यानं सांगा."

मी भिंतीकडे तोंड करून, भाषणाच्या वेळी लावला होता तो आवाज लावून सांगितलं. "शोभाच्या वासराचं पोट सगळ्यात चांगलं आहे!" पलीकडे तांबू हंबरली.

शेण मी खारट पाण्यात कालवून स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळलं. विकास कासावीस होऊन बघत होता. "मॅडम, ह्यातनं आनखी रोग आला तर?" प्रश्न अगदी योग्य होता. म्हणूनच इथं लिहून ठेवते, की हा प्रकार कुणी आपल्या मनानं करू नये. कुणाचंही शेण चालत नाही, आणि कुठल्याही वासराला चालत नाही. मलाही खात्री नव्हती. याविषयी अलीकडे वाचलं होतं, स्वतः केलं नव्हतं. आबा मात्र निश्चिंत होते. "शेनानं कुनाचं वाईट झालंय व्हय?" असं म्हणून त्यांनी माझी सगळी शास्त्रीय काळजी उडवून लावली.

मी रेखाला चीक कुणाकडून आला आणि शेण कुणाच्या वासराचं, हे दोन्ही सरळ सांगितलं. तिनं वासराच्या मानेवरून हात फिरवला.

"पाजा," एवढंच म्हणाली.

बाटली कोमट पाण्यात ठेवून हळूहळू विरघळवली. विकास पाणी उकळायला निघाला होता, त्याला मी आवरलं, नाहीतर बाटलीतच खरवस झाला असता. नळीनं आधी ते गाळलेलं पाणी, मग थोडा चीक. कालवडीला उचलून पुन्हा तांबूजवळ नेऊन ठेवलं. तांबूनं हुंगलं आणि खरखरीत जिभेनं तिला डोक्यापासून चाटायला घेतलं. विकासला तेही बघवेना, जंतू लागतील म्हणून. मी म्हटलं, "लागू देत बाबा. तेच हवेत."

पुढचे तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ पणदऱ्याला गेले. सलाइन, ऊब, मीठ-साखरेचं पाणी, थोडं थोडं दूध, आणि प्रत्येक वेळी पाव बाटलीहूनही कमी चीक. रविवारी काही फरक नव्हता. उलट दुपारी तिनं मान टाकली, आणि रेखा तिच्याशेजारी पेंढ्यावर बसून राहिली ते संध्याकाळपर्यंत उठलीच नाही. "दादांनी टेम्पोत चढवली तवा ती बी एवढीच व्हती," एवढं एकदा बोलली. सगळ्यात मोठी बाटली कुठं गेली होती हे तिनं एकदाही तोंडावर आणलं नाही, आणि त्यामुळे मला ते जास्तच लागत होतं.

भिंतीपलीकडे शोभाची झाडलोट त्या दोन दिवसांत विलक्षण वाढली होती. मी गेले की ती नेमकी भिंतीलगत झाडत असे, आणि मी रेखाला काय सांगते ते ऐकू येईपर्यंत त्या जागेचा केर काही निघत नसे. मीही मुद्दाम मोठ्यानं बोलायची. सोमवारी सकाळी दुसऱ्यांदा लागणारं शेण तिनं न मागता भिंतीवर आणून ठेवलं होतं, पळसाच्या पानात बांधून, प्रसाद बांधावा तसं.

सोमवारी संध्याकाळी कालवड पाय दुमडून बसली. कान जरा गरम लागले. मी कुणाला काही बोलले नाही, कारण अशी बसलेली वासरं सकाळी गेलेली मी पाहिली आहेत.

मंगळवारी पोचले तेव्हा कोवळं ऊन गोठ्यात आलं होतं आणि कालवड उभी होती. चारी पाय फाकवून, थरथरत, पण उभी. तांबूच्या कासेला ढुशा देत होती. आम्ही सगळे गोठ्याच्या दारातच थांबलो, आत जायचा कुणाचा धीर होईना. तिनं एक सड पकडला, चोखला, सोडला, शेपटी वर केली. आमच्या धंद्यात निकाल याच वेळी लागतो.

पेंढ्यावर एक छोटा, पिवळा, घट्ट गोळा पडला.

मी पिशवी खाली ठेवली. बत्तीस वर्षांत खूप कमी वेळा मला रडू आलं असेल, पण त्या दिवशी यायच्या बेतात होतं, आणि रेखा आता माझ्या गळ्यात पडणार म्हणून मी हातही पुढे केले होते. रेखानं वाकून तो गोळा ओंजळीत उचलला आणि ती माझ्या अंगावरून, विकासच्या अंगावरून, सरळ भिंतीकडे पळत सुटली.

"शोभे! अगं शोभे, बग! घट्ट हाय, घट्ट!"

खराटा आपटल्याचा आवाज आला. भिंतीवर शोभाचं डोकं दिसलं. दोघी जावा भिंतीच्या दोन्ही बाजूंनी त्या ओंजळीवर वाकल्या, डोक्याला डोकं लागेपर्यंत. शोभानं बोटानं दाबून खात्री केली.

"व्हय की गं आक्का," ती म्हणाली, आणि दोघी रडायला लागल्या.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी पुढे केलेले हात तसेच मागे घेतले, तांबूच्या पाठीवर ठेवले आणि उभी राहिले. सगळ्या नोकरीत मला इतकं छान कधीच वाटलं नव्हतं.